अर्जुनाची साल नेमकी किती?

घरात कोणाला हृदयविकार निघाला की नागपूरकडे कोणीतरी अर्जुनाची साल सुचवतेच. वैनगंगा-कन्हानच्या काठांनी हा वृक्ष वाढतो, भंडारा-गडचिरोलीत त्याच्या आणि ऐनाच्या पाल्यावर टसरच्या अळ्या पोसतात, आणि नागपूरच्या इतवारी बाजारात साल सहज विकत मिळते. सल्ल्यापाठोपाठ एक वाक्यही येते: ‘झाडपाल्याचेच आहे, अपाय काय होणार?’ औषधशास्त्राची अभ्यासक म्हणून माझा आक्षेप या वाक्याला आहे. ज्या द्रव्याचा हृदयावर खरोखर परिणाम होतो, त्याच्या मात्रेला वरची मर्यादाही असतेच.

कुंपणाला लावलेली बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, पाहा. तिच्या बियांतली ग्लायकोसाइड्स हृदयाच्या पेशीतला सोडियमचा पंप अडवतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते आणि ठोक्याचा जोर वाढतो. डिजिटॅलिस वर्गातल्या वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन हे औषधही हेच करते. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिसवर पुस्तक लिहिले, तेव्हाही त्याचा भर मात्रा जपून ठरवण्यावर होता. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णाच्या रक्तात आज डिगॉक्सिन मिलिलिटरला ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम इतके ठेवतात. २ च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. बिट्टीच्या बीला असे माप नाही, म्हणून ती जीव घेते.

अर्जुन इतका जहाल नाही. तरी त्याची मात्रा शोधावीच लागते. प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना काही आठवडे सालीचा अर्क देतात. वजनाच्या किलोमागे १००, २०० किंवा ४०० मिलिग्रॅम. मग आयसोप्रोटेरेनॉल टोचून हृदयाला मुद्दाम इजा करतात आणि अर्क घेतलेल्या गटात ती किती कमी झाली, हे रक्तातले ट्रोपोनिन व सूक्ष्मदर्शकाखालचा हृदयाचा छेद पाहून ठरवतात.

समजा २०० मिलिग्रॅमला चांगला परिणाम दिसला. माणसासाठी हा आकडा सुमारे ६.२ ने भागायचा. किलोमागे ३२ मिलिग्रॅम येतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास १.९ ग्रॅम. पण हा अर्क झाला. सालीतून २० टक्के अर्क निघत असेल, तर त्यासाठी साडेनऊ ग्रॅमच्या वर साल लागेल. १० टक्केच निघाला तर त्याच्या दुप्पट. आयुर्वेदात चूर्णाची रूढ मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावरही त्यात काय उतरते ते ठरते. म्हणून ‘अर्जुन ५०० मिलिग्रॅम’ एवढेच छापलेले लेबल मला अपुरे वाटते. मात्रा वाढवली की गुण वाढतो, असेही नाही. लसणाच्या प्रयोगांत माफक मात्रेने उंदरांच्या हृदयाचे संरक्षण वाढले, फार मोठ्या मात्रेने मात्र अपाय झाला.

माणसांवरचे पुरावेही एकसारखे नाहीत. १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय निकामी होत चाललेल्या १२ रुग्णांना दर ८ तासांनी ५०० मिलिग्रॅम अर्क दिला आणि सुधारणा नोंदवली. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी १०० रुग्णांना घेऊन अधिक काटेकोर चाचणी केली. त्यात पाण्यातला अर्क ७५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १२ आठवडे दिला होता. २०१६ साली निष्कर्ष आला: हृदयाच्या रक्त बाहेर टाकण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही. यावरून साल निरुपयोगी ठरत नाही. कोणता अर्क, किती, किती दिवस आणि कोणत्या रुग्णाला, यांची उत्तरे अजून पुरती हाती आलेली नाहीत, एवढे मात्र नक्की ठरते.

साल अर्जुनाचीच आहे का, हेही पाहायला हवे. झाडावर फरक ओळखता येतो: अर्जुनाची साल करडी-पांढरी आणि गुळगुळीत, तर ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. कुटून चूर्ण झाले की नुसत्या डोळ्यांना ओळख पटत नाही. तिथे रासायनिक तपासणीच लागते. तसेच चूर्णातल्या शिशाचे प्रमाण दहा लाखांत १० भागांच्या आत असायला हवे.

वाचकांना कळकळीची विनंती: सालीसाठी चालू गोळी परस्पर बंद करू नका. रक्त पातळ करणारे औषध, मेटोप्रोलॉल किंवा डिगॉक्सिन सुरू असेल तर विचारल्याशिवाय काढा-चूर्ण घेऊ नका. आपल्या वैद्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि डॉक्टरांना चूर्णाची पुडी. ‘किती घेऊ?’ हा प्रश्न दोघांनाही विचारा, आणि नेमके उत्तर मिळेपर्यंत थांबा.