उमेदवारी

हिंदीतून मराठीत भाषांतर करताना काही शब्द असे भेटतात, की चेहरा ओळखीचा असतो आणि वागणं अगदी निराळं. ‘उम्मीद’ हा त्यांतला एक. फारसीतून तो दोन्ही भाषांत आला. हिंदीत सर्रास म्हणतात, ‘मुझे उम्मीद है कि सब ठीक होगा.’ मराठीत ‘मला उमेद आहे की सगळं ठीक होईल’ असं कोणी म्हणत नाही. तिथे आपण ‘आशा’ वापरतो. उमेद आपल्याकडे ‘की’ला धरून येत नाही, ती माणसाच्या अंगात असते. उमेदीची वर्षं, उमेदीने कामाला लागणं, उमेद खचणं. आशेला पुढे काहीतरी घडावं लागतं. उमेदीला आत्ता हातात काम लागतं.

मी इंदूरला राहते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे दिवसातून दहादा मी या दोन शब्दांच्या मधून ये-जा करते. आणि गेल्या काही वर्षांत हा फरक माझ्यापुरता केवळ कोशातला राहिलेला नाही.

२०२०च्या सुरुवातीला मी एका जाडजूड हिंदी कादंबरीचं भाषांतर हाती घेतलं होतं. करार झालेला होता. टाळेबंदी आली, छापखाने थांबले, प्रकाशकाचा निरोप आला की सध्या सगळंच पुढे ढकललंय. नंतर निरोपही येईनासे झाले. त्या दिवसांत घराघरांत माणसं जात होती. कोणाला माझ्या कादंबरीची फिकीर असण्याचं कारणच नव्हतं. प्रश्न होता तो सकाळी उठून टेबलाशी बसायचं की नाही, एवढाच. पुस्तक निघेल म्हणून बसायचं, तर तसं समजायला काही आधार नव्हता. मग मी रोज एक पान ठरवलं. चांगलं-वाईट, एक पान. वर्तमानपत्र आणि मोबाइल त्यानंतर. आणि संध्याकाळी उठताना एखादं अडलेलं वाक्य मुद्दाम तसंच ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसायला निमित्त राहतं. ही शेवटची युक्ती मला सगळ्यांत उपयोगी पडली. उद्याच्या दिवसावर विश्वास बसत नसला, तरी उद्याच्या एका क्रियापदाची वाट पाहता येते.

याला काय म्हणायचं, तेही उमेदीनेच सुचवलं. ‘उमेदवार’ म्हटलं की आता आपल्याला फक्त निवडणूक आठवते. पण जुन्या पिढीतली माणसं ‘छापखान्यात दोन वर्षं उमेदवारी केली’, ‘वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केली’ असं म्हणत. म्हणजे पगाराची खात्री नसताना, कधीकधी बिनपगारी, रोज जाऊन काम शिकायचं. मनात काय वाटतं हे कोणी विचारत नसे. हजेरी लागली पाहिजे. आशा वाटावी लागते. उमेदवारी करावी लागते.

उमेदवारीचा विचार करताना मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२च्या जानेवारीत गांधीजींना अटक झाली, काँग्रेस बेकायदा ठरली आणि देशभरचे तुरुंग पुन्हा भरले. धुळ्याला २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी कैद्यांसमोर गीतेवर बोलायला सुरुवात केली. रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा अध्याय संपला. सलग १८ रविवार, एकही खाडा नाही. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते, आणि बोलणं चालू असतानाच ते लिहून घेत होते. सुटका कधी, चळवळीचं काय होणार, याचं उत्तर त्या तुरुंगात कोणाकडेच नव्हतं. पुढच्या रविवारी कोणता अध्याय, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मला उमेदवारीचा याहून नेमका दाखला सापडलेला नाही. ‘गीता प्रवचने’ नंतर कितीतरी भारतीय भाषांत गेली. पण आधी ती एका माणसाच्या वेगाने चालणाऱ्या हातातून गेली.

त्याच हाताने तमिळमधलं तिरुक्कुरळ मराठीत आणलं. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावं म्हणून आंतरभारतीचं स्वप्न मांडलं. आम्ही भाषांतरकार त्या स्वप्नाचे, म्हटलं तर, वारसदार. म्हणूनच पुढची गोष्ट मला टाळता येत नाही. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

हे लक्षात ठेवलं, की उमेदीवर सोपं बोलता येत नाही. रोजचा नेम माणसाला बुडण्यापासून वाचवतोच, असं नाही. इतरांना धीर देणारा माणूसही आतून एकटा पडू शकतो. जो खरोखर खचला आहे, त्याला ‘रोज एक पान लिही’ म्हणून सांगणं हा उद्धटपणा झाला. त्याच्याजवळ कोणीतरी बसायला हवं, त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं. पण गुरुजींच्या शेवटामुळे त्या १८ रविवारांचं लेखन खोटं ठरत नाही. त्यांना पुरली नाही ती उमेद त्यांनी लिहिलेल्या कागदांमध्ये मात्र उरली, आणि मला ती तिथूनच मिळाली. म्हणून ती एकट्याने सांभाळायची वस्तू आहे असं मला आता वाटत नाही. एकाचा हात दमला, तर दुसऱ्याने लिहून घ्यायचं असतं.

माझी कादंबरी पुरी झाली. अजून छापली गेलेली नाही. दरम्यान काही क्षणांत पानंच्या पानं उलथून देणारी यंत्रं आली आहेत, आणि ‘आता तुमचं काय?’ असं लोक मला काळजीने विचारतात. उत्तर माझ्यापाशी नाही. ‘उम्मीद’ या शब्दापाशी किती वेळ थांबायचं, हे अजून मलाच ठरवावं लागतं, एवढं खरं.

दर शनिवारी एक मुलगी माझ्याकडे येते. एम.ए. करते आहे, भाषांतर शिकायचं म्हणते. दोन तासांत आमच्या कशाबशा सहा-सात ओळी होतात. गेल्या खेपेला वही मिटताना तिने विचारलं, ‘ताई, यातून पुढे काही होईल का?’

‘माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘पण शनिवारी चारला ये. ती शेवटची ओळ अजून सुटलेली नाही.’