संकल्प आणि शून्ये

मोठे संकल्प करण्याची मला फार हौस. आईचा रक्तदाब वाढल्याचे कळले, त्याच रात्री मी साऱ्या घराची नवी राज्यघटना लिहून काढली. लोणचे-पापड हद्दपार, पहाटे फिरणे, गोळी घड्याळाच्या ठोक्याला! ही घटना जेमतेम नऊ दिवस टिकली. आई गोळी विसरे, मी रागावे. अखेर न घेतलेली गोळीही ती ‘घेतली’ म्हणून सांगू लागली. तिच्या शब्दावर विसंबून डॉक्टरांनी मात्रा वाढविली. पुढे एके दिवशी न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटे तिच्या ट्रंकेत सापडली. पक्षाघाताने गेलेले आजोबा मला आठवले. रोगाइतकाच माझा रागही तिच्या जिवावर उठला होता!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात म्हटले आहे की, सधन देशांतही दीर्घकाळच्या दुखण्यांचे सुमारे निम्मेच रोगी औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. तेव्हा आई काही एकटी अपराधी नव्हती.

याच सुमारास शूहार्ट आणि डेमिंग या दोघां अमेरिकन गृहस्थांच्या विचारांशी माझी ओळख झाली. दोघेही वैद्य नव्हते. कारखान्यातील मालाचा दर्जा कसा सुधारावा, हा त्यांचा विषय. पण त्यांची रीत पुढे रुग्णालयांनीही उचलली. एक लहानसा बदल योजावा, थोड्यांवर, थोडे दिवस करून पाहावा, काय घडले ते तपासावे आणि मगच तो ठेवावा, सुधारावा किंवा टाकावा.

मी राज्यघटना फाडली आणि गोळ्यांची डबी फक्त एक आठवडा जेवणाच्या टेबलावर ठेवली. गोळी घेतली की दिनदर्शिकेवर खूण, चुकली की शून्य. आणि शून्याबद्दल कोणी रागवायचे नाही, असा करार केला. सात दिवसांत चार शून्ये पडली! माझी योजना साफ फसली. पण त्या शून्यांकडे पाहत आईच म्हणाली, “अरे, जेवण कधी आठाला, कधी दहाला. डबी देवापाशी ठेव. दिवा लावायला मी कधी विसरते का?”

डॉक्टरांनी या वेळेला संमती दिली. पुढच्या आठवड्यात एकच शून्य पडले. ते पान आम्ही त्यांना दाखविले, तेव्हा त्यांनी वाढविलेली मात्रा पुन्हा कमी केली.

रक्तदाब काही घर सोडून गेलेला नाही. अधूनमधून शून्य पडते. पण आता ते आई स्वतःच्या हाताने लिहिते.