'पर्यंत'

शब्दयोगी अव्यये शिकवू लागलो की वर्गात जांभया सुरू होतात. मला त्या अव्ययांची दया येते. केवढे सामर्थ्य असते त्यांच्या अंगी! 'पर्यंत' हेच घ्या ना. माझ्या घरी इंटरनेट पुरवणाऱ्या मंडळींच्या जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत वेग' असे छापले आहे. आकडा टपोरा, 'पर्यंत' मुंगीएवढे. सकाळी अकराला आकडा खरा असतो. रात्री नऊला 'पर्यंत' खरे होते.

कारण नऊला सारी आळी घरी असते. फायबरची तार प्रत्येक घरात वेगळी शिरताना दिसते. पण रस्त्यावरच्या पेटीपलीकडे पुष्कळदा ३२ घरांत मिळून एकच तार असते. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत त्या तारेतून सेकंदाला सुमारे २,५०० मेगाबिट येतात. बत्तीस घरांना शंभर-शंभर द्यायचे तर ३,२०० हवेत! शिवाय पुढे अशा कित्येक तारांचा मिळून बाहेरचा रस्ता एकच, आणि तो अपुरा असला की तिथे तुंबते.

ही सरसकट लबाडी नव्हे. सगळे एकदम मागणार नाहीत, हा टेलिफोनवाल्यांचा जुना हिशेब आहे. कोपनहेगनच्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ सालीच टेलिफोनच्या संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावले होते.

यंत्रांनाही पंगतीची रीत शिकवावी लागली, हे मला फार आवडते. १९८६ साली अमेरिकेत बर्कली येथे, अवघ्या चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावरचा उपाय लिहून प्रसिद्ध केला. वाटेत माहितीची पाकिटे हरवू लागली की गर्दी झाली असे समजून पाठवणाऱ्या यंत्राने हात आखडता घ्यायचा, मग हळूहळू पुन्हा वाढवून पाहायचे. श्रीखंड कमी पडतेसे दिसताच घरची माणसे 'पुरे' म्हणतात, तसेच!

सिनेमाचे यामुळे फारसे बिघडत नाही; पुढची दृश्ये आधीच आणून साठवता येतात. चालू संभाषण मात्र साठवणार कसे? रात्री नऊला मी काही मुलांचा ऑनलाइन वर्ग घेतो. कोणी दिवसभर दुकानात उभे असते, कोणी कारखान्यात. त्यांना दुसरी वेळच नाही. "सर, आवाज तुटतोय," असे शब्द अर्धेमुर्धे ऐकू येतात आणि एखादी हुशार मुलगी शंका न विचारताच गप्प बसते. दिवसा ज्याला सवड आहे त्याला शंभर, आणि राबून घरी येणाऱ्याला 'पर्यंत'. दाम मात्र दोघांना सारखेच.

माझी मागणी साधी आहे. जाहिरातीत रात्री नऊचा वेग टपोऱ्या अक्षरांत छापावा. शंभराचा आकडा हवा तर खाली, मुंगीएवढा असू द्या.