पेटींतील अळी

आमच्या परसांत हापुसाचीं अकरा कलमें आहेत. सन 2018 च्या वैशाखअखेर त्यांवरील निवडक चार डझन फळें आम्हीं पुण्यास व्याह्यांकडे धाडलीं. वरून फळ अगदीं निष्कलंक. आठ दिवसांनीं कन्येचा फोन आला, तो दबक्या आवाजांत. भर पंगतींत फोडी वाढल्या आणि एकींतून पांढुरकी अळी वळवळत बाहेर आली. व्याही सज्जन, त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. पण लेकीचा ओशाळलेला स्वर आम्हांस फार लागला.

दोष कोणाचा? आम्हीं तो तत्काळ शेजारच्या वाडीवर ढकलून मोकळे झालों. दापोलीस शेतकी शिकलेला आमचा पुतण्या कांहीं न बोलतां आम्हांस आमच्याच विहिरीमागें घेऊन गेला. तेथें गळलेल्या, नासक्या आंब्यांचा ढीग आम्हींच रचला होता. (तो हलवा, असें आमचें कुटुंब दोन वर्षें सांगत होतें, हें नमूद करणें प्राप्त आहे.) पुतण्यानें काठीनें माती उकरली, आंत तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष निघाले.

फळमाशीची मादी तयार होत आलेल्या फळाची साल टोंचून आंत अंडीं घालते. ती खूण प्रारंभीं डोळ्यांस दिसत नाहीं. अळी गर खाऊन वाढते, फळ गळतें, अळी मातींत शिरून कोष करते, आणि थोड्याच दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे तो ढीग नव्हे, आम्हीं चालविलेलें प्रसूतिगृहच! फळमाश्यांपायींच युरोपीय संघानें 1 मे 2014 पासून भारतीय आंब्यास बंदी केली होती. ती उठविण्याचा निर्णय जानेवारी 2015 मध्यें झाला.

वृंदावनांतील तुळशीचें पान चुरगाळलें कीं पिवळ्या खुणांच्या माश्या त्यावर बसतात, हें आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें. पुतण्या म्हणाला, "काका, ते सगळे नर." तुळशींत मिथिल युजेनॉल नामक द्रव्य असतें, त्याच्या गंधास नर भुलतात. बिहारांतील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनीं 1912 सालीं सिट्रोनेला तेलाकडे हे नर धांवतात असें प्रसिद्ध केलें, व पुढें त्या गंधाचा माग मिथिल युजेनॉलापर्यंत लाविला. हेंच द्रव्य व कीटकनाशक यांत भिजविलेला लाकडी ठोकळा भोंकें पाडलेल्या डब्यांत टांगला कीं सापळा झाला.

दर रविवारीं मेलेले नर मोजून आम्ही वहींत मांडूं लागलों. हजेरी घेण्याची जुनी खोड उपयोगीं पडली. आंकडा चढला कीं फळ झाडावर पिकूं न देतां, तयार होतांच उतरावयाचें. मात्र सापळ्यास मादी भुलत नाहीं. नुसता सापळा टांगून स्वस्थ बसणाराचा आंबा किडतोच. गळलेलें फळ रोज वेंचून दोन हात खोल पुरणें भाग आहे, आणि साठी उलटल्यावर कंबर त्यास रुकार देत नाहीं, हेंही खरें.

पुढील वर्षीं पेटी भरण्यापूर्वीं त्याच उतरणींतलीं आठ फळें आम्हीं घरीं पिकवून चिरलीं. सात स्वच्छ, आठव्यांत अळी. पेटी राहिली. व्याह्यांस कारण, मागील प्रकारासह, जसेंच्या तसें लिहून कळविलें. उलट टपालीं उत्तर आलें, "आंबे राहूं द्यावे. तो सापळा कसा करतात तेवढें कळवावें. आमच्या पेरूंस हीच कीड आहे."

आम्हीं दोन सापळे धाडले.