डावा कोपरा

कबड्डीचं वेड आमच्याकडे यजमानांना आणि धाकट्याला. मी आपली भाजी निवडता निवडता बघायची. पण १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा आष्टीत आमच्या आळीत मीसुद्धा पेढे वाटले. कप्तान अस्लम इनामदार शेजारच्या नगर जिल्ह्यातला, म्हणजे आपलाच की!

माझं लक्ष मात्र शाडलुईवर. इराणचा हा गडी डावा कोपरा सांभाळायचा. चढाई करणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, पाय धरून ठेवणाऱ्याला कोण विचारतं? तरी पुण्यानं त्याला २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाख मोजले होते.

आणि जिंकल्यावर सोडून दिलं! हरियाणानं २ कोटी ७ लाखांना घेतला, आणि त्याच डिसेंबरात पुण्यातच, बालेवाडीला, करंडक उचलला.

यजमान म्हणाले, "अगं, पैशांचं गणित असतं. गौरव खत्री, अभिनेश अशी तरुण पोरं आहेत की तयार!"

ते गणित मला चांगलं ठाऊक आहे. मी एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. निकाल कितीही चांगला लागो, दर जूनला संस्था नव्यानं विचार करणार. एका वर्षी कमी पैशात येणारी नवी मुलगी मिळाली, मला घरी बसवलं. दिवाळीनंतर परत बोलावलं. गेले. ती मुलगी शिकवते मात्र छान, खोटं कशाला बोलू?

धाकटा आता शाळेच्या संघात डावा कोपरा खेळतो. रोज गुडघे फोडून येतो. परवा हळद लावताना विचारतो कसा, "आई, यंदा तुला ठेवलं का गं?"