शकुंतलेचें स्थानक

मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणाऱ्या अरुंद रुळांच्या आगगाडीस आम्ही वऱ्हाडी लोक ‘शकुंतला’ म्हणतों. नांव ठेवणारा रसिक खरा. हीहि पुढें आपल्या माणसांकडून विसरली गेली! किलिक निक्सन कंपनीनें हे अडीच फुटी रूळ घातले ते कापसासाठीं. कापूस मुंबईवरून मँचेस्टरास जाई, आणि १९२१ सालीं तेथेंच घडलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढीत होतें.

आमच्या मातोश्रींचें माहेर याच वाटेवर, लाडखेडास. पुढें पुढें मधल्या स्थानकांवर नोकर उरले नाहींत. गार्डच खालीं उतरून तिकिटें देई आणि फाटकें लावावयासहि गाडीवरचाच मनुष्य धांवे. वेगाविषयीं न बोलणेंच बरें. परंतु भाडें मोटारीहून पुष्कळ कमी, म्हणून मजूर बायाबापड्यांस हीच परवडे. मातोश्री उन्हांतून येतांना दिसल्या म्हणजे गार्ड गाडी थांबवून धरी व त्यांचें गांठोडें स्वतः वर घेई. स्टेशनमास्तर असता तर त्यानें घड्याळ पाहिलें असतें!

आतां ती गाडी बंद आहे, मातोश्रीहि नाहींत. परवां त्यांच्या पोथींत खुणेसाठीं घातलेलें एक तिकीट निघालें. तारीख पुसून गेली आहे. भाडें तेवढें वाचतां येतें.