आकाशपाळण्यातले टाको

शिकागोत भाचीचा पहिला पगार झाला आणि ती आम्हांला डाउनटाउनमधल्या टाकोच्या एका नव्या हॉटेलात जेवायला घेऊन गेली. टाको आले ते वीतभर उंचीच्या पितळी आकाशपाळण्यात बसून. टॉर्टिया काळ्याभोर, वर सोन्याचा वर्ख, खाली कोरड्या बर्फाचा धूर. चार टाकोंचे ४८ डॉलर. आजूबाजूला सगळे फोटो काढण्यात गुंतलेले.

धूर विरल्यावर मी टाको उचलला. गार होता. दुमडल्या जागी टॉर्टिया तडकली आणि सगळा रस मनगटावरून बाहीत गेला. पिठाची विरी गेली की भाकरी जशी थापतानाच चिरते, तशी ती हातातच तुटत होती. मक्याचा वाससुद्धा नाही. वेटरला विचारलं, टॉर्टिया इथंच करता का? मुलगा खरं बोलला. "नाही, पाकिटातून येतात. काळ्याच येतात."

मला राग आला तो तिथे. टाकोचा जीव टॉर्टियात असतो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सालं चोळून धुवायची आणि मग ओलाच दळायचा. चुन्यानं पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. मका समुद्र ओलांडून युरोपात गेला, ही रीत मात्र मागेच राहिली. तिथे मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावानं होणाऱ्या पेलाग्रा या रोगानं गाठलं. मेक्सिकोतल्या बायकांनी हजारो वर्षं जपलेलं हे ज्ञान. पाळण्यावर एवढा खर्च करणाऱ्याला त्याची किंमत नसावी?

मेनूत 'अल पास्तोर' लिहिलं होतं. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी शवर्माची उभी सळई सोबत आणली. पुढे तिच्यावर मिरची-मसाल्यात मुरलेलं डुकराचं मांस फिरू लागलं, तो हा प्रकार. कडा करपलेल्या हव्यात. आमच्या ताटात गोड सॉसमध्ये बुडालेले मऊ तुकडे होते आणि डब्यातला अननस.

महाग असण्याला माझी हरकत नाही. पण २०२४ साली मिशेलिनचा तारा मिळाला तो मेक्सिको सिटीतल्या 'एल कालिफा दे लेओन'ला. टपरीएवढी जागा, बसायला खुर्ची नाही, चारच प्रकारचे टाको आणि समोर भाजली जाणारी टॉर्टिया.

बिलात २० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं. भाचीनं मला खिशात हात घालू दिला नाही. तिच्या कष्टाचे पैसे असे गेले, याचं मला फार वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, "पुढच्या रविवारी पिल्सनच्या मेक्सिकन वस्तीत जाऊ. अठराव्या रस्त्यावर कार्नितास पौंडावर मिळतात, सोबत गरम टॉर्टिया."

"मामा, दुपारचे दोनच वाजलेत," ती म्हणाली. "मला अजून भूक आहे. आत्ताच जाऊ."